वाडीतली वाट बंद करू नका, आखून द्या

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारे काका ठाण्यात राहतात, वय ६८. वेंगुर्ला तालुक्यात समुद्राला लागून त्यांची वडिलोपार्जित अडीच एकर माडाची वाडी आहे. वाडीच्या दक्षिण अंगाला गडग्यात, म्हणजे दगडी कुंपणात, एक खिंड आहे, तिथून पायवाट थेट पुळणीवर, वाळूच्या किनाऱ्यावर उतरते. शेजारचा वाडीवाला, गाबीतवाड्यातली (मासेमारांच्या वस्तीतली) माणसं, गावातली पोरं, सगळी पिढ्यान्‌पिढ्या तिथून जातात. गेल्या तीन-चार वर्षांत कुणीतरी त्या पुळणीचे व्हिडिओ मोबाइलवर टाकले आणि पर्यटकांची रीघ लागली. नारळ जातात, माडाच्या बुंध्याशी चुली पेटतात, बाटल्या फुटतात. एकाने गडग्याचे दगड ढासळून जीप वाळूवर नेली. मुलगा म्हणतो, गेट लावून कुलूप घालू. गाववाले म्हणतात, वहिवाट आहे, हात लावून दाखवा. जागा बघून गेलेला एक रिसॉर्टवाला म्हणतो, वाट बंद केलीत तरच व्यवहार. आणि काकांना रात्री झोप लागत नाही ती चौथ्याच गोष्टीने: वाडीतल्या जुन्या विहिरीत उद्या कुणी पडलं तर जबाबदार कोण?

काका, सिंधुदुर्गातल्या महसुली आणि दिवाणी कोर्टांत मी २७ वर्षं काम करते आहे, त्यातला मोठा भाग वाटांच्या भांडणांचा. म्हणून आधी उत्तर देते, कारणं नंतर. कुलूप घालू नका. सगळं मोकाट सोडूनही देऊ नका. वाट कुठून जाते, किती रुंद आहे, कोणासाठी आणि कशासाठी आहे हे तुम्ही स्वतः पुढाकार घेऊन जमिनीवर आणि कागदावर आखून घ्या. कायद्याने तुम्हाला तसा अधिकार दिला आहे आणि फार थोडे जमीनमालक तो वापरतात.

तुमच्या प्रश्नात ‘वाट’ हा एकच शब्द सात-आठ वेळा आला आहे आणि दर वेळी त्याचा अर्थ निराळा आहे. सगळा घोळ तिथेच आहे.

आधी वाळूचं बघू. भरतीचं पाणी जिथवर येतं त्या रेषेच्या खालचा समुद्राचा तळ सरकारचा, असं महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६ चं कलम २० सांगतं. म्हणजे ओली वाळू तुमची नाही, माझी नाही, रिसॉर्टवाल्याचीही कधी होणार नाही. तिथे कोणीही चालावं, बसावं, पोरांनी किल्ले करावेत. त्या रेषेच्या वरची कोरडी पुळण मात्र कोणाची, हे गावागणिक बदलतं. कुठे ती सरकारी पड असते, कुठे वनखात्याचं सुरूचं बन असतं आणि कुठे ती खाजगी सर्व्हे नंबरातच मोजलेली असते. तुमचा गडगा संपतो तिथेच तुमची हद्द संपते असं धरून चालू नका, आणि गडग्यापलीकडे तुमचं काही नाही असंही नाही. मोजणी केल्याशिवाय हे कळत नाही. मी पाहिलेल्या एका मोजणीत हद्दीचा कोपरा कमरेएवढ्या पाण्यात निघाला होता. भूकरमापक काठावर नकाशा धरून उभा आणि मालक चपला हातात घेऊन पाण्यात. समुद्राने ती जमीन कधीच नेली होती, सातबारावर क्षेत्र तेवढंच राहिलं होतं.

तुमची कोरडी पुळण कागदोपत्री तुमची निघाली, तरी तिथे हवं ते करता येणार नाही. किनारा नियमन क्षेत्राची, म्हणजे सीआरझेडची अधिसूचना पहिल्यांदा १९ फेब्रुवारी १९९१ ला आली, मग २०११ मध्ये नवी आणि १८ जानेवारी २०१९ ला त्यानंतरची. ग्रामीण भागात भरतीरेषेपासून २०० मीटरचा पट्टा ना-विकास क्षेत्र आहे. २०१९ च्या अधिसूचनेने तो ५० मीटरवर आणला, पण फक्त दाट वस्तीच्या गावांसाठी, जिथे २०११ च्या जनगणनेनुसार चौरस किलोमीटरला २,१६१ हून जास्त माणसं राहतात. आपल्या बाजूच्या गावांत एवढी माणसं जत्रेलाही जमत नाहीत, तेव्हा तुम्ही २०० मीटर धरूनच चाला. त्या पट्ट्यात माड, पोफळी, शेती, बागायत चालते. बांधकामाचं स्वप्न तिथे बघू नये.

आता वाट. तुमच्या खिंडीतून रोज तीन प्रकारची पावलं जातात. ती वेगवेगळी ओळखल्याशिवाय कुठलाही वकील तुम्हाला खरं उत्तर देऊ शकणार नाही.

पहिला, शेजारचा वाडीवाला. त्याची जमीन आहे आणि त्या जमिनीच्या उपभोगासाठी तो तुमच्या जमिनीतून जातो. याला कायद्यात सुविधाधिकार म्हणतात. भारतीय सुविधाधिकार कायदा, १८८२ च्या कलम १५ प्रमाणे त्याने वीस वर्षं उघडपणे, शांतपणे, हक्क म्हणून, खंड न पडता वापर केला असेल, तर त्याचा हक्क पक्का होतो. ‘हक्क म्हणून’ हे शब्द नीट वाचा. तुमच्या वडिलांनी “जा रे बाबा, तुला कोण अडवतो” म्हणून जाऊ दिलं असेल तर ती परवानगी झाली, आणि परवानगी शंभर वर्षं चालली तरी तिचा हक्क होत नाही. पण वडील आता नाहीत, आणि तसं म्हटल्याचा पुरावाही नाही. ठाण्यात राहणाऱ्या मालकाची वाडी, रोज दिसणारी वाट आणि कुणी कधी हटकलं नाही हे सगळं कोर्टापुढे आलं की ‘परवानगी होती’ हे सिद्ध करणं तुम्हाला जड जाईल. आणखी एक. आज तुम्ही कुंपण घातलंत आणि त्याने ते मुकाट्याने वर्षभर सोसलं तरच कायद्याच्या लेखी वापरात खंड पडतो. तो आठ दिवसांत तहसीलदारांकडे जाईल.

तहसीलदारांचं म्हटलं म्हणून सांगते. मामलेदार न्यायालय अधिनियम, १९०६ चं कलम ५ आजही जिवंत आहे आणि कोकणात रोज वापरलं जातं. शेती, झाडं किंवा मासेमारीसाठी वापरात असलेल्या जमिनीकडे जाणारी वहिवाटीची वाट अडवली, तर सहा महिन्यांच्या आत अर्ज करून ती खुली करून घेता येते. त्यात तुमचा मालकी हक्क कोणी बघत नाही, अडथळा कधी आला तेवढं बघतात. मुलाने गेट लावलं तर पहिली नोटीस तिथूनच येईल.

दुसरी पावलं गाबीतवाड्यातल्या माणसांची. इथे वकीलसुद्धा चुकतात. सुविधाधिकार मिळायला स्वतःची लाभ घेणारी जमीन लागते. मासेमाराला वाट हवी असते ती समुद्राकडे जायला, स्वतःच्या जमिनीकडे जायला नव्हे. म्हणून “त्यांच्याकडे जमीनच नाही, कसला हक्क?” असा युक्तिवाद मी कितीदा तरी ऐकला आहे. पण त्याच १८८२ च्या कायद्याचं कलम २ आधीच सांगून ठेवतं की जनतेचे किंवा कोणाचेही रूढीने चालत आलेले हक्क, मग त्यांच्यामागे जमीन असो वा नसो, या कायद्याने हलत नाहीत. गावाची रूढी जुनी, ठराविक, वाजवी आणि अखंड असली की कोर्ट ती मानतं. रापण, म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ओढायला दोन्ही दोरांवर मिळून तीस-चाळीस माणसं लागतात, ती या खिंडीतूनच उतरत आली असतील, तर वाजवीपणाबद्दल कोणाला शंका घ्यायला जागा उरत नाही.

तिसरी पावलं पर्यटकांची. त्यांना ओल्या वाळूवर हक्क आहे, पण तिथे पोचण्यासाठी तुमच्या माडाखालून जाण्याचा हक्क नाही. पुण्याहून पहिल्यांदा आलेल्या माणसाच्या बाजूने वीस वर्षंही नाहीत आणि गावाची रूढीही नाही. तो येतो ते तुमच्या परवानगीने, आणि तुम्ही गप्प राहिलात म्हणजे परवानगी दिलीत असंच तो समजतो. ती परवानगी अटींसह देणं आणि अटी मोडल्या तर काढून घेणं तुमच्या हातात आहे.

याला एकच मोठा अपवाद आहे, आणि तोच तुम्ही सर्वांत आधी तपासायला हवा. गाव नकाशावर ती वाट दाखवली आहे का? एकेरी तुटक रेषा म्हणजे पायमार्ग, दुहेरी तुटक रेषा म्हणजे गाडीमार्ग. पायमार्गाची रुंदी सव्वाआठ फूट धरतात. जुनी मोजणीची साखळी ३३ फुटांची, तिचे सोळा आणे, त्यातले चार आणे म्हणजे ही सव्वाआठ फूट. तुमच्या खिंडीवरून अशी रेषा जात असेल तर वाद संपला: महसूल संहितेच्या कलम २० प्रमाणे ती सार्वजनिक वाट सरकारची आहे, तिच्यावरून गाबीतवाड्यातली मावशी जितक्या हक्काने जाईल तितक्याच हक्काने पुण्याचा पर्यटकही जाईल, आणि अडथळा काढायचा अधिकार ग्रामपंचायतीलाही आहे. रेषा नसेल तर वरचे तीन प्रकार लागू. जाता जाता ‘वाजिब-उल-अर्ज’ नावाचं दफ्तर तुमच्या गावचं आहे का हेही तलाठ्याकडे विचारा. खाजगी जमिनीतल्या वाटांच्या आणि मासेमारीच्या रूढी त्यात नोंदवण्याची तरतूद संहितेच्या कलम १६५ मध्ये आहे. विदर्भात हे दफ्तर लोकांच्या जास्त परिचयाचं आहे, आपल्याकडे नाव काढलं की माणसं चकित होतात. पण मिळालं तर सोनं.

आता जमिनीवर या. आठ-नऊ वर्षांपूर्वी अशाच एका वाडीत मी स्थळपाहणीला गेले होते. मालकाची वकील म्हणून. त्यांचं म्हणणं, वाट कालपरवाची आहे, पर्यटक आल्यापासूनची. खिंडीशी आले तर गडग्याचे इतर दगड खडबडीत, शेवाळलेले, आणि खिंडीच्या दोन्ही बाजूंचे दोन जांभे कमरेच्या उंचीवर असे गुळगुळीत झालेले की तळहात घसरावा. तोल सावरायला हात टेकून टेकून ते तसे झाले होते. खाली उंबऱ्याचा दगड मधोमध खोलगट, त्यात पावसाचं पाणी साचलेलं. मालकही माझ्या शेजारी उभे राहून तेच बघत होते. दोघंही काही बोललो नाही. तेवढ्यात पुळणीकडून एक मावशी मासळीची टोपली डोक्यावर घेऊन आल्या. मी विचारलं, वाट किती रुंद लागते तुम्हाला? म्हणाल्या, “डोक्यार टोपली घेवन दोगी समोरासमोर इल्यो काय एकमेकीक धक्को लागाक नको. इतकीच व्हयी.” मी दोन माणसं समोरासमोर उभी करून टेपने मोजलं. पाच फूट भरलं.

त्या मालकाने अख्ख्या वाडीतल्या सगळ्या वाटांवरचा हक्क नाकारायचा म्हणून दावा लावला होता, आणि समोरच्यांना हवी होती पाच फुटांची एक पट्टी. त्या प्रकरणात समझोता झाला. सगळ्यांत होत नाही. दुसऱ्या एका माणसाने रात्रीत काटेरी तार घातली होती, पहाटे अंधारात एका रापणकराच्या मांडीत ती घुसली, आणि मग गाव आणि मालक यांच्यात जे सुरू झालं ते बारा वर्षं चाललं. त्या बारा वर्षांत त्याला नारळ पाडायला गावातला माणूस मिळाला नाही. सुकी झावळी अंगावर पडली तरी उचलायला कोणी येईना. निकाल लागला तोवर वाटेचा खालचा निम्मा भाग समुद्राने नेला होता.

म्हणून त्याच सुविधाधिकार कायद्याचं कलम २२ मी प्रत्येक मालकाला मोठ्याने वाचून दाखवते. हक्क असणाऱ्याने तो जमीनमालकाला कमीत कमी त्रास होईल अशा रीतीने वापरला पाहिजे, आणि नुकसान न होता तो वापर जमिनीच्या ठराविक भागापुरता ठेवता येत असेल, तर मालकाने मागणी केल्यावर तो तेवढाच ठेवावा लागतो. म्हणजे ‘इथून जा, तिथून नको’ हे सांगण्याचा हक्क तुमचा आहे. त्याला जोडून कलम २८: एका प्रकारच्या वाटेच्या हक्कात दुसऱ्या प्रकारची वाट येत नाही. पायवाट आहे म्हणून जीप नेता येत नाही. जीपवाल्याला गावातल्या कोणीही “वहिवाट आहे” म्हणून पाठीशी घातलं, तरी त्याचा पाय या कलमावर घसरतो. कलम २२ आणि २८ शेजाऱ्याच्या सुविधाधिकाराला थेट लागू आहेत. मासेमारांच्या रूढीलाही ठराविकपणा आणि वाजवीपणा लागतोच, त्यामुळे हिशेब तोच येतो.

तुमच्या वाडीत हे असं करता येईल. वाट दक्षिणेच्या हद्दीला धरून ठेवा, सध्या आहे तिथेच, उगाच लांबचा फेरा घालायला लावू नका. रुंदी पाच-सहा फूट. वाटेच्या आतल्या बाजूला जिवंत कुंपण करा, मेंदी-अडुळसा काहीही चालेल, केवडा असेल तर तो तोडू नका, पुळणीवरची वाळू तोच धरून ठेवतो. खिंडीत गेटऐवजी बेडं घाला: दोन चिरे उभे, त्यांच्यात नागमोडी जागा, जिथून माणूस टोपलीसकट सहज वळतो आणि गाडी किंवा गुरं शिरत नाहीत. मात्र ते बसवण्याआधी गाबीतवाड्यातल्या माणसांना बोलावून जाळ्याचा भारा खांद्यावर घेऊन प्रत्यक्ष जाऊन बघायला सांगा. भारा अडकत असेल तर चिरे सरकवा. कुलूप नको, कारण भरती-ओहोटी तुमच्या घड्याळावर चालत नाही, रापण पहाटे तीनला लागली तर माणसं तीनला येणार. पर्यटकांसाठी पाटी वेगळी: ‘ही खाजगी वाडी आहे. पुळणीवर जाण्यासाठी मालकाच्या परवानगीने सूर्योदय ते सूर्यास्त पायी जाता येईल. वाट सोडू नये, चूल पेटवू नये, नारळाला हात लावू नये.’ पाटीवरचा ‘मालकाच्या परवानगीने’ हा शब्द गाळू नका. पर्यटकांच्या वापराचा पुढे कधी कोणी हक्क सांगू नये यासाठी तो आहे. आणि गावकऱ्यांच्या बाबतीत तीच पाटी दाखवून “तुम्हीही परवानगीनेच येता” असं म्हणू नका. जो हक्क एकदा पक्का झाला तो पाटीने सैल होत नाही, फक्त माणसं दुखावतात.

विहिरीचं. आपल्याकडे इंग्लंडसारखा जमीन ताब्यात असणाऱ्याच्या जबाबदारीचा वेगळा कायदा नाही. निष्काळजीपणाची सर्वसाधारण तत्त्वं लागतात. समुद्रात कोणी बुडालं तर तुम्ही जबाबदार नाही. वाटेवर ठेच लागली तरी बहुधा नाही. पण जो धोका तुम्हाला माहीत आहे आणि येणाऱ्याला दिसत नाही, त्याबद्दल काहीच न करणं तुम्हाला महागात पडेल. माणसं रोज येतात हे तुम्हाला माहीत आहे, तुम्ही तसं लिहूनच पाठवलं आहे. त्यामुळे बिनकठड्याच्या, झुडपात लपलेल्या विहिरीबद्दल “ते चोरून शिरले होते” हे सांगून सुटका होणार नाही. या उन्हाळ्यात कठडा बांधा, वर जाळी टाका. वाटेवर झुकलेल्या माडांचे सुके नारळ आणि झावळ्या वेळेवर उतरवा, पाडप असेल त्या दिवशी खिंडीत एक माणूस उभा करा. गडग्यावर काचा, विजेची तार असलं काहीही नको. चोराला इजा व्हावी म्हणून लावलेला सापळा पोराला लागला की प्रकरण फौजदारी होतं. आणि शंभर रुपये पार्किंग घ्यायचा मोह टाळा. पैसे घेतले की येणारा तुमचा ग्राहक झाला, तुमची जबाबदारी वाढली, शिवाय शेतजमिनीचा बिनशेती वापर केला म्हणून महसूलकडून नोटीस येऊ शकते ती वेगळीच.

मुलाला एक सांगा. पर्यटक वाडीत शिरला की पोलिसांत अतिक्रमणाची तक्रार देऊ, असं तो म्हणत असेल तर भारतीय न्याय संहितेच्या कलम ३२९ ला गुन्हा करण्याचा, धमकावण्याचा, अपमान करण्याचा किंवा त्रास देण्याचा हेतू लागतो. नुसतं चालत जाणं त्यात बसत नाही. गडगा मोडणं आणि नारळ चोरणं बसतं, पण दुसऱ्या कलमांत. त्या जीपवाल्याची नंबरासह तक्रार जरूर द्या.

आता रिसॉर्टवाला. तो तुम्हाला वाट बंद करायला सांगतो आहे म्हणजे भांडण तुमच्या नावावर आणि जागा त्याच्या नावावर. मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम ५५ प्रमाणे जमिनीतला महत्त्वाचा दोष तुम्ही विकताना उघड करायला हवा, वाटेचा वाद हा तसाच दोष आहे. लपवलात तर तो तुमच्यावर उलटेल. शिवाय वाटेचा हक्क जमिनीबरोबर जातो, खरेदीखताने तो पुसला जात नाही. आणि खुद्द सीआरझेडमध्येच किनाऱ्यावरच्या हॉटेलांसाठी अट आहे की दोन रिसॉर्टच्या मध्ये लोकांना किनाऱ्यावर जाण्यासाठी किमान २० मीटर रुंदीची मोकळी जागा हवी, आणि कुंपण घातलं तर त्याने किनाऱ्यावर जाण्याला कोणत्याही प्रकारे अडथळा येता कामा नये. म्हणजे आज तो तुमची पाच फुटांची वाट नको म्हणतो, आणि उद्या परवानगी मागायला गेला की त्याला लोकांच्या वाटेचा हिशेब द्यावाच लागेल.

गोव्याचं उदाहरण त्याला ऐकवा. दोना पावलाजवळच्या वायंगिणी किनाऱ्यावर हॉटेलसाठी सरकारने जमीन संपादित करून दिली, तेव्हा करारात अट होती की लोकांची किनाऱ्यावर जाण्याची वाट खुली ठेवायची. बांधकामाने ती अडली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं आणि २००९ मध्ये न्यायालयाने वाट अडवणारं बांधकाम पाडायचा आदेश कायम केला. किनारा, नदी, जंगल ही सरकारने लोकांसाठी विश्वस्त म्हणून सांभाळायची मालमत्ता आहे, हे तत्त्व त्या निकालात ठासून मांडलं आहे. पुढे राज्य सरकारने कायद्यात दुरुस्ती करून ते बांधकाम वाचवलं आणि २०१६ मध्ये ती दुरुस्ती टिकली, हेही खरं आहे आणि ते मला आजही बोचतं. पण एका हॉटेलसाठी राज्याला कायदा बदलावा लागला, यावरून वाटेच्या हक्काचं वजन कळतं. तुमच्या अडीच एकरांसाठी कोणी विधानसभेत विधेयक आणणार नाही.

तुमच्या इंग्लंडमधल्या पुतण्याने विचारलं आहे की तिथल्यासारखी किनाऱ्याभोवतीची सरकारी पायवाट इथे का नाही. तिथे २००९ च्या कायद्याने किनाऱ्याला धरून पायवाट आखायला घेतली, खाजगी शेतांतूनसुद्धा, पण घरांच्या बागा वगळल्या आणि त्या पट्ट्यात जमीनमालकाची अपघाताची जबाबदारी कमी केली. त्यातला मालकाचा बोजा उतरवण्याचा भाग आपण घ्यावा असं मला मनापासून वाटतं. आपल्याकडे मालकाने मोठ्या मनाने वाट दिली तर जबाबदारी वाढते, ही उलटी गोष्ट आहे. पण तसा कायदा येईपर्यंत जे आहे त्यातच काम भागवायचं.

कामाचा क्रम सांगते. भूमी अभिलेखच्या उपअधीक्षकांकडून गाव नकाशाची नक्कल घ्या. जुने सातबारे आणि फेरफार काढा, ‘इतर हक्क’ या रकान्यात वाटेची नोंद आहे का बघा. मोजणीचा अर्ज लगेच करा, पावसाळ्याआधी मोजणी झाली नाही तर दिवाळीनंतरच. मोजणीच्या दिवशी शेजारी, सरपंच आणि गाबीतवाड्यातली दोन जाणती माणसं हजर ठेवा, त्यातली एक बाई असू दे, कारण वाटेचा रोजचा वापर बायकांचा असतो आणि पंचनाम्यावर सह्या मात्र पुरुषांच्या असतात. मोजणी नकाशाची ‘क’ प्रत हातात आली की त्यावर वाट लाल रेघेने दाखवा आणि एक साधा करार करा: शेजाऱ्याला आणि गावच्या मासेमारांना अमुक रुंदीची कायमची पायवाट, वाहन नाही, जागा बदलायची झाल्यास दोघांच्या संमतीने. समुद्राने खालचा भाग नेला तर वाट तेवढी आत सरकेल हे कलम नक्की घाला, हल्ली ते विसरून चालत नाही. दस्त नोंदणीकृत करा आणि इतर हक्कात नोंद घालायला तलाठ्याकडे द्या. ग्रामसभेत ठराव घ्या की कचऱ्याचा डबा, रस्त्यावरचं पार्किंग आणि आठवड्याची सफाई ग्रामपंचायत बघेल. तुम्ही वाट लिहून देताय म्हटल्यावर हे मागायला तुमची बाजू भक्कम असते. नुसती तक्रार घेऊन गेलात तर कोणी ढुंकून बघणार नाही.

या सगळ्याला मोजणी फी, मुद्रांक, नोंदणी, कठडा आणि दोन चिरे एवढाच खर्च आहे. दाव्याला त्याच्या कितीतरी पट लागतात, हे मी माझ्याच फीवरून सांगते.

आणि काका, गडी लावून खिंड साफ करायला घ्याल तेव्हा त्याला बजावून सांगा: नवे चिरे बाजूला बसव, पण जुने दोन दगड आणि खालचा खोलगट उंबरा आहे तिथेच राहू दे. मोजणीवाला येईल तेव्हा वाट नेमकी कुठून जाते हे त्याला तिथेच उभं राहून दाखवायचं आहे.